खटखटीचा माग

जुन्या गाडीच्या इंजिनातून खटखट यायला लागली की गॅरेजमध्ये ऐकू येणारं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : ‘साहेब, इंजिन खाली घ्यावं लागेल.’ मालकाच्या पोटात गोळा येतो. इंजिन खाली घ्यायचं म्हणजे हेड उघडायचं, चेंबर सोडायचं, क्रँक काढून लेथवाल्याकडे न्यायचा, बेअरिंगचा सेट, रिंगांचा सेट, गॅस्केटचा सेट शोधत फिरायचं, आणि तोवर गाडी ताडपत्रीखाली उभी. एवढा खटाटोप करून गाडी घरी आणली आणि तीच खटखट पुन्हा ऐकू आली, असंही घडतं. कारण दोष इंजिनाच्या पोटात नव्हताच. तो पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगमध्ये होता, किंवा इंजिन ज्याच्यावर बसतं त्या फाउंडेशनच्या रबरात.

हे टाळता येतं. इंजिन न उघडताही त्याच्याकडून बरीच माहिती काढून घेता येते. आवाज कधी येतो, कोणत्या लयीत येतो आणि काय केलं की बदलतो, एवढं शांतपणे टिपलं तर संशयितांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते. त्यासाठी लागणारं सामानही साधं आहे : लांब स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, टायमिंग लाइट, ऑइल प्रेशर गेज. आणि घाई न करणारा कान.

उदाहरणासाठी मराठी वाचकाच्या सगळ्यात ओळखीचं इंजिन घेऊ, प्रीमियर पद्मिनीचं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी तयार होई. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पाहिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिची सेवा संपली. पण खाजगी मालकांनी जिवापाड जपलेल्या पद्मिनी आजही चालतात आणि त्यांची इंजिनं आजही वाजतात.

या इंजिनात लपवाछपवी नाही. चार सिलिंडर, १,०८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, क्रँकवरून साखळीने फिरणारा. त्याच्यावर टॅपेट, टॅपेटवर उभ्या पुशरॉड, वर रॉकर आणि रॉकरखाली व्हॉल्व्ह. आजच्या गाडीत कॉम्प्युटर असतो आणि इंजिनाचे ठोके ऐकणारा सेन्सरही असतो. पद्मिनीत, अँबॅसडरमध्ये किंवा कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये ते काम माणसालाच करावं लागतं.

सुरुवात लयीपासून करावी, कारण लय फसवत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी उभी असताना क्रँक मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल तर कॅमशाफ्ट ४०० घेतो. पहिल्या लयीत सेकंदाला तेरा ठोके पडतात, दुसरीत सात सुद्धा नाहीत. सरावलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो. नसेल कळत, तर टायमिंग लाइट मदतीला येतो. त्याची चिमटी एका प्लगच्या वायरीला लावायची. तो प्लग दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून दिवाही दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. आता दिव्याकडे बघत आवाज ऐकायचा. एका चमकेला एक ठोका पडत असेल तर दोष बहुधा कॅमशाफ्टच्या घराण्यातला. एका चमकेला दोन पडत असतील तर क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन यांच्या दिशेने बघायचं. एवढ्या एका परीक्षेने निम्मं इंजिन संशयातून मोकळं होतं, आणि तीही पाना हातात न घेता.

निम्म्या लयीच्या आवाजांत सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो टॅपेट. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. झिजेने ही फट वाढली की रॉकर दांडीवर आपटू लागतो आणि हेडच्या वरच्या बाजूने बारीक, कोरडी टिकटिक येते. खात्री करायची असेल तर रॉकरचं झाकण काढून, इंजिन अगदी हळू चालू ठेवून, एकेका रॉकरखाली फिलर गेजची पाती सरकवायची. ज्या रॉकरखाली पाती गेल्यावर टिकटिक दबते, तो दोषी. तेल उडतं, हात काळे होतात, पण उत्तर मिळतं.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायला हवी. टॅपेटचा थोडासा आवाज इंजिनासाठी वाईट नसतो. वाईट असतो तो नको इतका शांत टॅपेट. मालकाला आवाज नको म्हणून फिटर कधी कधी फट गरजेपेक्षा कमी करून देतो. गाडी गोड चालायला लागते. पण तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आता आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. त्याची बरीचशी उष्णता त्या टेकण्यातूनच हेडकडे जात असते. ती वाट बंद झाली की व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि मग हेड खरोखरच उघडावं लागतं. फट पुस्तकात दिलेल्या मापाचीच ठेवावी आणि मापाच्या टॅपेटची टिकटिक ऐकून घ्यावी.

त्याच लयीत वाजणारे दोन तोतये आहेत. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक असतो, इंजिनच त्याचा दट्ट्या हलवतं. तो झिजला की अगदी टॅपेटसारखा टकटकतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की तो उघडा पडतो. दुसरा तोतया म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं फाटलेलं गॅस्केट. त्यातून सिलिंडर दर वेळी पेटला की गरम वायूची फुसकी बाहेर येते आणि लांबून ती टिकटिकच वाटते. थंड इंजिनाला ती मोठी असते. लोखंड तापून फुगलं, फट मिटली की कमी होते. गॅस्केटपाशी काजळीचा काळा पट्टा दिसला तर शंका उरत नाही. या गॅस्केटपायी टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करून घेणारे मालक कमी नाहीत.

आता क्रँकच्या बाजूला येऊ. इथे दोन आवाज एकमेकांसारखे वाटतात आणि त्यांचे परिणाम मात्र पूर्ण वेगळे असतात.

पहिला पिस्टनचा. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टक-टक-टक असा पोकळ आवाज येतो, आणि गाडी चार-पाच किलोमीटर चालली की तो विरतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणून थंडीत पिस्टनभोवती सैल जागा असते. प्रत्येक धक्क्याला पिस्टन कलून सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो, आणि तापल्यावर ती जागा भरून निघते. जुन्या, झिजलेल्या बोअरमध्ये हे होणारच. पारखण्याची जुनी रीत अशी : संशयित सिलिंडरचा प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, प्लग बसवून गाडी सुरू करायची. थोडा वेळ आवाज दबला तर तो पिस्टनचाच. असं इंजिन लगेच मोडत नाही. ऑइल फार पीत नसेल, धूर काढत नसेल तर रिबोअरचा खर्च सवडीने करता येतो.

दुसरा आवाज बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे पकडतो त्या बेअरिंगचा. त्यात सवड नसते.

हे बेअरिंग नेमकं कशावर चालतं, याचा उलगडा मोटारगाड्यांच्या आधी आणि जवळजवळ अपघाताने झाला. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. आस फिरायला लागला तसं त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. त्यांनी बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर सरकली. शेवटी भोकाला दाबमापक जोडला, तर काटा चौरस इंचाला २०० पाउंडांची त्याची मर्यादा ओलांडून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पाउंडांचाच होता. म्हणजे फिरणारा आस तेलाला ओढून एका निमुळत्या पाचरीत कोंबत होता, आणि त्या दाबावर अख्खा भार तोलला जात होता. धातू धातूला टेकतच नव्हता. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी या पाचरीचं गणित मांडलं. बेअरिंगची आखणी आजही त्याच समीकरणापासून सुरू होते.

पद्मिनीच्या बिग एंडमध्ये हीच तेलाची पाचर काम करते. तिथली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, साधारण ०.०३ ते ०.०७ च्या दरम्यान. चढावर पूर्ण लोडला पेटणारा वायू ६८ मिलिमीटरच्या पिस्टनवर सव्वा टनाच्या आसपास दाब टाकतो आणि तो सगळा या पातळ पापुद्र्यावर येतो. बेअरिंग झिजून फट वाढली की तेल दोन्ही कडांनी निसटतं, दाब धरत नाही, पापुद्रा फाटतो आणि रॉड क्रँकवर आपटतो. आपटल्यामुळे बेअरिंग आणखी झिजतं, फट आणखी वाढते. म्हणूनच हा आवाज एकदा सुरू झाला की वाढतच जातो.

त्याची ओळख पिस्टनच्या अगदी उलट. पिस्टन थंडीत वाजतो, बिग एंड तापल्यावर. कारण तापलं की ऑइल पातळ होतं. ठोका जड असतो, लोखंडावर हातोडी पडल्यासारखा, आणि इंजिनाच्या खालच्या अंगाने येतो. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वेगात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की रॉडवरचा भार एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो आणि त्या क्षणी ठोका मोठा होतो. सोबतीला आयडलवर ऑइलचा लाल दिवा मिणमिणत असेल तर चिंता वाढवावी. तो दिवा फार उशिरा, दाब अगदी तळाला गेल्यावर लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर न राहता त्या जागी गेज बसवून दाब मोजावा. तापलेल्या इंजिनाला क्रँकच्या दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला १० पाउंड दाब हवा, हा फिटर लोकांचा जुना ठोकताळा आजही उपयोगाचा आहे.

कोणता रॉड वाजतोय हे कळायला प्लगची परीक्षा आहे, आणि ती पाहण्यासारखी असते. इंजिन गरम करून ठोका स्पष्ट येईल अशा वेगावर ठेवतात. फिटर रबरी मुठीच्या पक्कडीने पहिल्या सिलिंडरची वायर प्लगवरून उचलतो आणि इंजिनाच्या अंगाला टेकवून ठिणगी तिथेच उतरवतो. इंजिन एका पायाने लंगडतं, हलायला लागतं, पण ठोका तसाच. वायर परत. दुसरी वायर, तेच. तिसरी वायर उचलली आणि ठोका एकदम बसला. वायर लावली, पुन्हा सुरू. तिसऱ्या सिलिंडरमध्ये वायू पेटत नाही तेव्हा त्याच्या रॉडवर सव्वा टनाचा धक्का येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. दोन-तीनदा उलटसुलट करून खात्री केली की दोष कोणत्या रॉडचा हे बाहेरूनच ठरलं. ही परीक्षा पॉइंट आणि कॉइलच्या जुन्या गाड्यांवरच करावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीची वायर चालू इंजिनात उपटली तर मॉड्यूल जळू शकतं आणि हाताला झटकाही जबर बसतो.

याच परीक्षेत आणखी दोन गोष्टी कळतात. पिस्टनची पिन सैल असेल तर आवाज बारीक, टणक आणि जोडीचा येतो, टक्‌टक्‌ टक्‌टक्‌ असा, आणि वायर काढल्यावर तो बसण्याऐवजी कधी कधी अधिकच स्पष्ट होतो. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल, धप्‌ असा, गाडी ओढताना येणारा. एकाच प्लगची वायर काढून त्यात फारसा फरक पडत नाही, शेजारच्या दोन काढल्या तर पडतो. आणि क्लच दाबल्याबरोबर आवाज बदलला किंवा थांबला तर क्रँक पुढे-मागे सरकतोय का, क्लचचं बेअरिंग गेलंय का, हे आधी पाहावं.

एवढं होण्याआधीच खरं तर एक काम उरकून घ्यायला हवं. फॅनबेल्ट काढायचा आणि इंजिन मिनिटभर चालवायचं. त्याहून जास्त नको, कारण पाणी फिरायचं थांबलेलं असतं. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो उभे राहिले आणि खटखटही थांबली, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात मूळची थरथर जास्त, तिथे फाउंडेशनचं रबर बसलं की इंजिन बॉडीला टेकून ठोकल्यासारखं वाजतं. गिअर टाकून क्लच हळूच सोडताना इंजिन उचलून आपटताना डोळ्यांनी दिसतं.

आता ज्याला घाटातला आवाज म्हणता येईल तो. गाडी सपाटीला गप्प असते. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढाला लागली, गिअर वरचाच राहिला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की डब्यात छर्रे हलवल्यासारखी कर्कश खुळखुळ सुरू होते. गिअर उतरवला की बंद. इथे कोणताही भाग सैल नसतो. वाजतो तो वायू.

प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते, तसा तिच्यापुढचा न पेटलेला वायू दाबला जातो आणि तापतो. तो फारच तापला तर ज्योत पोहोचण्याआधी आपणहून एकदम पेटतो, आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर इकडून तिकडे आदळू लागतात. ६८ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये या लाटांची कंपनं सेकंदाला सुमारे ८,००० होतात. बेअरिंगच्या जड ठोक्याशेजारी ही खुळखुळ इतकी तीक्ष्ण का वाटते, त्याचं कारण हेच.

या आवाजाने एकदा एका निरपराध यंत्रावर आळ आणला होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारं इग्निशन आलं. इंजिनं चढावर ठोकू लागली तेव्हा लोकांनी बोट दाखवलं ते या नव्या इग्निशनकडे. केटरिंग यांना ते पटेना. त्यांचा संशय इंधनावर होता. १९१६ मध्ये त्यांनी थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला या शोधाला लावलं. इंधनाचा रंग गडद असला तर ते उष्णता लवकर शोषून घेईल, नीट वाफ होईल आणि ठोका जाईल, अशी एक कल्पना निघाली. तेलात विरघळेल असा रंग हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी आयोडीन घातलं. ठोका थांबला. इथे थांबण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी मग दुसरे रंग आणून घालून पाहिले, आणि एकाचाही उपयोग झाला नाही. रंगाचा काही संबंधच नव्हता. काम आयोडीन या रसायनाने केलं होतं. उत्तर मिळाल्यावरही ते उलट तपासून पाहण्याची ही सवय गॅरेजमध्ये शिकवायला हवी.

पुढची कथा दुःखद आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं. अगदी थोड्या प्रमाणातही ते ठोका थांबवत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार शिशाच्या विषबाधेने मेले, तरी ते जगभरच्या पेट्रोलमध्ये मिसळलं गेलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून, आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. तोपर्यंत शहरांतल्या मुलांच्या रक्तात शिसं जातच राहिलं. इंजिनाच्या एका आवाजावरच्या इलाजाची इतकी मोठी किंमत दुसऱ्या कुठल्या यांत्रिक दोषासाठी माणसांनी मोजली नसेल.

जुन्या गाडीत ही खुळखुळ आली तर कारणं ठरलेली असतात. पिस्टनच्या डोक्यावर वर्षानुवर्षं साचलेला कार्बन जागा अडवून कॉम्प्रेशन वाढवतो आणि स्वतः निखाऱ्यासारखा तापतो. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं अडकतात किंवा त्यांच्या स्प्रिंगा मऊ होतात, मग ठिणगी लवकर पडते. रेडिएटर चोंदलेला असतो. परीक्षा सोपी : डिस्ट्रिब्युटरची पकड सैल करून टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यायचं आणि तोच चढ त्याच गिअरमध्ये चढायचा. खुळखुळ गेली तर बेअरिंगला दोष देऊ नये. टायमिंग कायमचं मागे ठेवणं हा मात्र उपाय नाही. गाडीचा जोर जातो आणि इंजिन तापतं. मूळ कारण शोधून ते दूर करावं लागतं.

२०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागल्यापासून या प्रकरणाला नवं वळण लागलं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे आपणहून न पेटण्याची ताकद, शंभरच्या वर, म्हणून खुळखुळीच्या बाबतीत जुन्या इंजिनाला त्याचा फायदाच होतो. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि कार्ब्युरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे. त्यामुळे मिश्रण पातळ होतं. शिवाय जुनी रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो, चिरतो. पद्मिनीवाल्याने या भागांवर नजर ठेवावी, आणि पेट्रोलच्या वासाकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये.

या सगळ्यातून गेल्यावर बिग एंडच दोषी ठरला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टोइंग करून न्यावी. रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि पद्मिनीचा चांगला ब्लॉक आज सहज मिळत नाही. इंजिन उघडण्याआधी शेवटचा पुरावा ऑइलमध्ये शोधावा. ते पांढऱ्या कापडातून गाळून उन्हात धरलं की चमचमणारे कण दिसतात. लोहचुंबक फिरवावा. जे चिकटतात ते लोखंडाचे. बेअरिंगच्या अस्तराचे चिकटत नाहीत.

मग चेंबर उतरतं, तिसऱ्या रॉडची टोपी सुटते आणि बेअरिंगची अर्धचंद्राकृती पट्टी तळहातावर येते. धड असती तर ती सगळीकडे सारखी, मंद करडी दिसली असती. झिजलेल्या पट्टीवर करडा थर मध्यभागी उडालेला असतो आणि खालचं तांबूस अस्तर उघडं पडलेलं असतं; कडेला नखाला लागतील अशा चिरा, त्यात रुतलेली कचऱ्याची काळी टिकली. तांबूस रंग दिसला म्हणजे बेअरिंग संपलं. पण पुण्याच्या नाना पेठेतून नवा सेट आणून तसाच बसवणं ही यातली सगळ्यात महागडी काटकसर. क्रँकचा गोल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजायलाच हवा. तो अंडाकृती झाला असेल तर ग्राइंडिंग करून पाव मिलिमीटर उतरवतात आणि त्याच मापाचं अंडरसाइज बेअरिंग घालतात. तेलाची भोकं धुऊन, हवा मारून मोकळी करतात. हे न करता बसवलेला सेट पुन्हा वाजतो.

जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ठोका काही दिवस लपवता येतो. दाट ऑइल भरलं की वाढलेली फट थोडी झाकते, आणि गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवलं की पिस्टन गप्प बसतो. म्हणून विक्रेत्याला आधीच सांगावं की गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी आमच्यासमोर सुरू करा. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागलं तर चहा घेऊन परत यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. थंडीत ऐकून झालं की अर्धा तास गाडी चालवून, पूर्ण तापवून पुन्हा ऐकावं, डिपस्टिकवरचं ऑइल बोटांवर घेऊन ते मधासारखं दाट तर नाही ना ते पाहावं, आणि एखादा चढ वरच्या गिअरमध्ये चढून मगच भावाची बोलणी सुरू करावीत.